धूळ जन्मते तिथेच: कारखान्यातील धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचा इतिहास

#इतिहास #धागा

१/
अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट राज्यात बॅरी नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील ग्रॅनाइट प्रसिद्ध आहे. या शहरातल्या ‘होप सिमेटरी’ या दफनभूमीतले एक थडगे पाहताना पाऊल थबकते. करड्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेला एक पुरुष बसल्या जागी कलंडला आहे आणि एका स्त्रीने त्याला सावरून धरले आहे. हे थडगे लुई ब्रूसा या पाथरवटाचे. १९३७ साली त्याचा मृत्यू झाला तो सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या भुकटीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराने.

२/
त्याच १९३७ च्या सुमारास बॅरीच्या कारखान्यांत एक नवी यंत्रणा बसू लागली. प्रत्येक पाथरवटाच्या छिन्नीपाशी एका लवचिक नळीचे तोंड आले. दगडातून उडालेली धूळ ती नळी तिथल्या तिथे ओढून घेई. पंखा, नळ आणि धूळ साठवणारे पात्र, एवढेच तिचे भाग. यांपैकी एकही भाग तेव्हा नवा नव्हता. मग ही यंत्रणा ब्रूसापर्यंत पोहोचायला इतका उशीर का झाला? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

३/
दगड फोडणाऱ्याचा दम कोंडतो, हे ज्ञान फार जुने आहे. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात गेओर्ग आग्रिकोला याने कार्पेथियन पर्वतातील खाणींबद्दल लिहिले आहे की, तेथे एकेका स्त्रीची सात-सात लग्ने झालेली आढळतात, कारण नवरे लवकर मरतात. १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात पाथरवट, पीठ दळणारे आणि ताग पिंजणारे या साऱ्यांच्या खोकल्याची नोंद आहे. कारण माणसाला कळले होते. उपाय मात्र तोंडावर फडके बांधण्यापलीकडे फारसा गेला नव्हता.

४/
आता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या शेफील्ड शहरात येऊ. सुऱ्या, वस्तरे आणि काटे यांसाठी हे शहर जगप्रसिद्ध होते. फिरत्या सहाणेवर पोलाद घासले की दगडाची आणि धातूची बारीक धूळ कारागिराच्या थेट तोंडावर येई. सुऱ्यांना ओल्या सहाणेवर धार लावत. काटे मात्र कोरड्या सहाणेवर घासत. डॉक्टर नाइट यांनी नोंदवलेली वये फ्रीडरिश एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात दिली आहेत. कोरड्या सहाणेवर काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत. वस्तरेवाले ४० ते ४५, तर ओल्या सहाणेवर सुऱ्या करणारे ४० ते ५० पर्यंत जगत. काम एकाच प्रकारचे, शहर एकच. फरक प्रामुख्याने धुळीचा.

५/
उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. १८२० च्या दशकाच्या प्रारंभी शेफील्डच्या जे. एच. एब्रहॅम यांनी लोहचुंबकांचे एक साधन बनवले. सुया घासताना उडणारे पोलादाचे कण त्याला चिकटत. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने त्याबद्दल त्यांना सुवर्णपदक दिले. पण चुंबक पोलाद ओढतो, दगड ओढत नाही. आणि फुप्फुसाचा खरा शत्रू सहाणेच्या दगडातील सिलिका हा होता. त्यापेक्षा सरस कल्पना पंख्याची होती. सहाणेवर झाकण घालायचे, त्याला लाकडी नळ जोडायचा आणि पंख्याने ओढलेली धूळ बाहेर सोडायची. आजच्या यंत्रणेचा सांगाडा इथेच तयार झाला.

६/
मग पंखे सर्वत्र का बसले नाहीत? एंगल्स सांगतो की, कित्येक कारागिरांनाच ते नको होते आणि काही ठिकाणी त्यांनी ते मोडूनही टाकले. वाचताना हे अडाणीपणाचे वाटते. त्यामागचा हिशेब मात्र स्पष्ट होता. धंदा सुरक्षित झाला तर अधिक माणसे त्यात शिरतील आणि मजुरी घसरेल, ही त्यांची भीती होती. लवकर येणारा मृत्यू हाच त्यांच्या मजुरीचा आधार बनला होता. शिवाय अनेक कारागीर सहाणेची जागा आणि वाफेची शक्ती भाड्याने घेत. अशा ठिकाणी पंख्याचा खर्च कारागिराने करायचा की जागेच्या मालकाने, हा वाद उरतच असे.

७/
अखेर कायदा आला. धूळ श्वासाबरोबर आत जात असेल आणि पंख्याने ती रोखता येण्याजोगी असेल, तर पंखा बसवण्याचा आदेश देण्याचा अधिकार ब्रिटनच्या १८७८ च्या कारखाना कायद्याने निरीक्षकाला दिला. याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे धुळीने आपले दुसरे रूप दाखवले.

८/
२ मे १८७८. मिनिॲपोलिस शहरातील ‘वॉशबर्न ए’ ही पिठाची अजस्र गिरणी. हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि गिरणी स्फोटात उडाली. शेजारच्या गिरण्याही जमीनदोस्त झाल्या. १८ माणसे ठार झाली. पीठ ढिगाने पडलेले असेल तर ते सहसा भडकत नाही. तेच हवेत पसरले की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि एक ठिणगी पुरते. ही नवी गिरणी दोनच वर्षांत उभी राहिली, आणि तिच्यात धूळ ओढून बाजूला काढणारी यंत्रे होती.

९/
येथे क्षणभर थांबून तुलना करावी. शेफील्डमध्ये धूळ माणसाला हळूहळू, एकेकाला मारत होती. मिनिॲपोलिसमध्ये तिने माणसांबरोबर इमारत, यंत्रे आणि धान्याचा साठा एका संध्याकाळी नष्ट केला. पहिली हानी मालकाच्या वहीत कुठेच लिहिली जात नव्हती. दुसरी पानभर लिहावी लागली. पिठाच्या धंद्यात आणखी एक लाभ होता: पकडलेली धूळ हीसुद्धा मालच. म्हणून धूळ पकडण्याच्या तंत्राची वेगवान प्रगती झाली ती गिरण्यांत आणि लाकूड कापण्याच्या कारखान्यांत.

१०/
या काळात दोन साधने पक्की झाली. पहिले सायक्लोन. १८८५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट निघाले. शंकूच्या आकाराच्या पात्रात धुळीची हवा कडेने शिरते आणि गरगर फिरते. जड कण बाहेरच्या भिंतीवर आपटून खाली घसरतात आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. त्यात फिरणारा एकही भाग नसतो; फिरते ती हवा.

११/
दुसरे साधन कापडी पिशव्यांचे. आपल्याकडे चक्कीवर पिठाच्या तोंडाला कापडी नळा बांधलेला असतो. त्यातून हवा बाहेर पडते आणि पीठ आत राहते. कारखान्यातील पिशव्यांचे तत्त्व तेच. यातली गंमत अशी की, कोरे कापड बारीक धूळ फारशी अडवत नाही. थोडी धूळ साचून तिचा थर झाला की तो थरच पुढच्या धुळीची गाळणी बनतो. म्हणून या पिशव्या ठरावीक वेळाने झटकायच्या, पण अगदी कोऱ्या करायच्या नाहीत. सायक्लोनमधून निसटणारे अतिसूक्ष्म कण या थरात अडकतात.

१२/
आता १९०१ सालचे लंडन. अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने एक प्रात्यक्षिक पाहिले. त्यातले यंत्र जोराने हवा फुंकून धूळ उडवत होते. बूथच्या मनात आले, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे की, एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल धरला आणि तोंडाने हवा ओढली. रुमालाच्या दुसऱ्या बाजूला काळा डाग उमटला. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले.

१३/
बूथचे पहिले यंत्र घोडागाडीवर बसवलेले होते. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले गेले. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी पंखा होता, पंप होता, नळ्या होत्या, सायक्लोन होता, कापडी गाळणीही होती. राजाच्या पायाखालची धूळ ओढून घेतली जात होती. पाथरवटाच्या नाकासमोरची मात्र तशीच राहिली.

१४/
पुन्हा बॅरीला जाऊ. १८८० च्या दशकानंतर रेल्वे खाणींपर्यंत पोहोचली आणि ग्रॅनाइटचा धंदा फोफावला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून आणि इटलीतील कारारा परिसरातून निष्णात कारागीर येथे आले. इटालियन कारागीर संगमरवरात मुरलेले होते. संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याची धूळ तुलनेने सौम्य असते. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा. हात तेच, छिन्नी तीच, दगड वेगळा. आणि या फरकाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती.

१५/
त्यात दोन सुधारणांची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. हाताच्या हातोडीपेक्षा त्यांचे आघात कितीतरी जलद, आणि धूळही तितकीच अधिक व बारीक. दुसरे म्हणजे, उघड्या पडव्यांच्या जागी मोठ्या बंदिस्त शेड उभ्या राहिल्या. व्हरमाँटच्या हिवाळ्यात त्यांची दारे-खिडक्या बंद असत. कामाचा वेग वाढला, थंडीपासून बचाव झाला आणि प्रत्येकाची धूळ प्रत्येकाच्या श्वासात गेली.

१६/
ही धूळ कशी वागते हे समजून घेतले पाहिजे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे कण बहुधा ५ मायक्रॉनहून लहान असतात. ते सुटे असताना डोळ्यांना दिसत नाहीत. एक मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला अगदी स्थिर हवेतही काही तास लागतात. म्हणून जमिनीवर दिसणारी भुकटी झाडून काढली तरी धोका टळत नाही. उलट कोरड्या झाडूने तो पुन्हा हवेत चढतो.

१७/
‘शेडच्या छताला मोठा पंखा लावला की झाले’ असे वाटू शकते. घरी एक प्रयोग करून पाहा. हातभर अंतरावरून फुंकर घालून मेणबत्ती विझवता येते. त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी जाते. ओढलेली हवा मात्र तोंडाभोवतीच्या सर्व बाजूंनी येते, म्हणून तिचा जोर जवळच संपतो. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके अंतर दूर गेले की हवेचा वेग सुमारे एक दशांश उरतो. १९३० च्या दशकाच्या आरंभी जे. एम. डॅलाव्हाले या अमेरिकी अभियंत्याने हा ऱ्हास मोजून त्याचे सूत्र मांडले. थोडक्यात, धूळ जन्मते तिथेच पकडली पाहिजे. वीतभर उशीर झाला तरी ती हातातून गेली.

१८/
ज्ञान आणि साधने असूनही बॅरीत उशीर झाला, त्याचे एक कारण वैद्यकात होते. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला. शोध महान होता, पण त्याच्या छायेत धूळ दडली. पाथरवट क्षयाने मरतात, क्षय जंतूने होतो, म्हणजे दोष घरांचा आणि राहणीचा, असा तर्क सोयीचा ठरला. सिलिकेने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो, ही साखळी पुराव्याने सिद्ध व्हायला वेळ लागला. १९२२ साली विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने ग्रॅनाइट कामगारांच्या मृत्यूंचा अहवाल लिहिला. त्यानंतर सरकारी आरोग्यसेवेने बॅरीत हवेतील धूळ मोजली, कामगारांच्या छातीची क्ष-किरण चित्रे काढली आणि १९२९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: सर्वाधिक धुळीत काम करणाऱ्यांत सिलिकोसिस जवळपास अटळ आहे.

१९/
दुसरे कारण सत्तेचे होते. १९२२ च्या संपात मालकांनी क्वेबेकहून फ्रेंच-कॅनेडियन मजूर आणले आणि संघटना खिळखिळी केली. १९३३ च्या संपात नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यावर उतरले. दरम्यान वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ मध्ये हॉक्स नेस्टचा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या खडकातून कोरडाच खोदला गेला. तेथे राबलेल्यांत कृष्णवर्णीय मजूर बहुसंख्य होते. स्मृतिफलकावर १०९ मृत्यूंचा आकडा आहे. मार्टिन चर्नियाक या डॉक्टर-अभ्यासकाचा अंदाज ७६४ चा आहे. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे याच्या साक्षी झाल्या आणि सिलिकोसिस हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. आता भरपाईचे दावे, विम्याचे हप्ते आणि कायदा या साऱ्यांचे ओझे मालकाच्या वहीत दिसू लागले.

२०/
१९३७ नंतर काही वर्षांतच बॅरीच्या शेडमध्ये नळ्या बसल्या. राज्याच्या औद्योगिक आरोग्य विभागाने धुळीची मोजणी आणि छातीची तपासणी चालू ठेवली. १९५० च्या दशकातील तपासण्यांत, धूळनियंत्रणानंतर कामाला लागलेल्या पाथरवटांत सिलिकोसिस जवळजवळ आढळला नाही. शहर तेच, ग्रॅनाइट तोच, हवेच्या दाबाची छिन्नी तीच. बदलली ती नळीच्या तोंडाची जागा आणि ती बसवण्याची सक्ती. जुन्या पिढीला मात्र हा उपाय लागू पडला नाही, कारण फुप्फुसात एकदा रुतलेली सिलिका कोणतेही यंत्र ओढून काढू शकत नाही. ब्रूसाची पिढी ती हीच. त्याचे शिल्पही त्याच्याच धंद्यातील दोनातो कोलेत्ती या कारागिराने, त्याच ग्रॅनाइटमध्ये कोरले.

२१/
हा धडा भारताच्या कायद्यातही उतरला. स्वतंत्र भारताच्या ‘कारखाने अधिनियम, १९४८’मधील कलम १४ धुळीविषयी होते. धूळ ओढून घेणारे साधन लागत असेल तर ते धुळीच्या उगमस्थानाच्या शक्य तितके जवळ असावे आणि ते स्थान शक्य तितके बंदिस्त असावे, असे ते सांगत होते. शेफील्डचे झाकण आणि बॅरीची नळी, दोन्ही या एका कलमात होती. मुंबईच्या गिरणगावात पिंजणखात्यातील कामगारांना कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होई. सुट्टीनंतर सोमवारी कामावर परतताच छाती आवळून येणे ही त्याची खूण. त्यांच्याही संरक्षणाचा शब्द कायद्याच्या पुस्तकात होता.

२२/
पण त्या कायद्याचा ‘कारखाना’ म्हणजे विजेवर चालणारा असेल तर किमान १० आणि विजेविना असेल तर किमान २० कामगारांची जागा होती. गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर घराच्या पडवीत, विजेच्या मोटरीवर सहाण फिरवत आले आहेत. तेथे धूळ केवळ कारागिराच्या श्वासात जात नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाच्याही जाते. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे तरुण याच रोगाने गेले. आपल्या आजी-आजोबांनी ज्यांच्यावर मुळाक्षरे गिरवली, त्यांतल्या कितीतरी पेन्सिली तिथल्याच.

२३/
यंत्रांचा इतिहास आपण बहुधा शोधाच्या तारखेने लिहितो. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या इतिहासात दोन तारखा लिहाव्या लागतील: ते बनले कधी, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्याच्या हाताशी पोहोचले कधी. शेफील्डच्या पंख्यापासून बॅरीच्या नळीपर्यंत या दोन तारखांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. खंभातच्या पडवीसाठी दुसरी तारीख अजून लिहायची आहे.

२४/
पुढच्या वेळी एखाद्या इमारतीत फरशी किंवा ग्रॅनाइट कापणारा कारागीर दिसला, तर त्याच्या ग्राइंडरकडे नीट पाहा. पात्यापाशी पाण्याची धार किंवा सक्शनची नळी आहे का? की पांढऱ्या ढगात केवळ एक रुमाल तोंडाला बांधलेला आहे? घर तुमचे असेल, तर काम ठरवतानाच ही अट घाला आणि तिचा खर्च आपल्या हिशेबात धरा.

धागा समाप्त.